दुसरा भूखंड

आमच्या धर्मग्रामातील एक दांपत्य गेल्या महिन्यात सल्ला विचारण्यासाठी आमच्याकडे आले होते. त्यांचा मुलगा सोलापूरच्या एका महाविद्यालयात अध्यापक म्हणून लागला आहे. इकडे वसईत वाडीचा एक तुकडा विकून चार पैसे हाती आले आहेत. त्या पैशांतून जुळे सोलापुरात दोन भूखंड घ्यावेत, असा त्यांचा बेत आहे. एकावर मुलासाठी घर बांधायचे आणि दुसरा 'नुसता ठेवायचा'. सोबत त्यांनी विक्रेत्याचे पत्रकही आणले होते. शांत वातावरण, सुशिक्षित शेजार, विद्यापीठाचे सान्निध्य, अशी त्यातील भाषा. पहिल्या भूखंडाविषयी आमची काहीच तक्रार नाही. आमचा वाद आहे तो दुसऱ्याशी.

आधी पत्रकाविषयी दोन शब्द. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. तोवर तेथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. २०१९ मध्ये या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. पण ते आहे पुणे रस्त्यावर, केगावला. आणि जुळे सोलापूर आहे शहराच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेकडे. मध्ये सारे शहर ओलांडावे लागते आणि अंतर दहा किलोमीटरांहून अधिक भरते. जुळे सोलापुरात भारती विद्यापीठाची एक संस्था आहे. पत्रक लिहिणाऱ्याला तेच विद्यापीठ अभिप्रेत असेल तर त्याच्या चातुर्याला दाद द्यावी लागेल! शांततेचेही तसेच. होटगी रस्त्यावरील विमानतळ या वसाहतीपासून फार दूर नाही. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली आणि २०२५ मध्ये गोव्याची विमाने उडू लागली. शांतता हवी म्हणून घर घेणाऱ्याने आकाशाकडेही पाहून घ्यावे.

तरीही तेथे शांतता आहे, हे खरे. पण ती कशामुळे आहे? १९९२ मध्ये सोलापूर महापालिकेची हद्द वाढली आणि सुमारे १७८ चौरस किलोमीटरांचा पसारा एका महापालिकेच्या गळ्यात पडला. शेते मोजली गेली, दगड रोवले गेले, भूखंड विकले गेले. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट या बाजूंनी मुलांच्या शिक्षणासाठी आलेल्या नोकरदारांनी घरे बांधली, आणि त्या घरांमुळेच आज जुळे सोलापूरला जिवंतपणा आहे. परंतु चार घरांमागे कोठे एक, कोठे दोन भूखंड बाभळी वाढवीत पडलेले दिसतात. त्यांचे धनी पुण्यात असतात, मुंबईत असतात. वर्षातून एकदा येऊन दगड जागेवर आहेत की नाहीत एवढे पाहून जातात. पत्रकातील शांततेचा बराचसा भाग या न राहणाऱ्या माणसांचा आहे.

'आमचा भूखंड पडून आहे, त्यात कोणाचे काय जाते?' असे आमच्या पाहुण्यांनी विचारले. पुष्कळ जाते. पाण्याची नळी, गटार, दिव्याची तार, सडक ही सारी त्या रिकाम्या जागेपुढून ओढावी लागतात. नळी जितकी लांब तितकी गळती अधिक, आणि शेवटच्या घरी पोचणारे पाणी तितके कमी. सोलापुरात कित्येक वर्षे नळाला तीन-चार, कधी पाच दिवसांआड पाणी येत आले आहे. उजनी धरण काठोकाठ भरले तरी त्यात फारसा फरक पडत नसे, कारण धरण आणि शहर यांच्यामध्ये सुमारे ११० किलोमीटरांची जलवाहिनी आहे. अशा शहरात प्रत्येक ओसाड भूखंड शेजाऱ्याच्या हंड्यातून काही ना काही काढून घेतो. पावसाळ्यात तेथे पाणी साचते, डास होतात. उन्हाळ्यात कचरा पेटतो, आणि विंचू-सापांची वर्दी शेजारच्या घरातील बाईने द्यायची. भाव मात्र वाढतो. तो कोणामुळे वाढतो? शेजाऱ्याने घर बांधले, मुले शाळेत घातली, कोपऱ्यावर किराणा दुकान काढले म्हणून. कष्ट त्यांचे आणि वाढलेली किंमत आपली, हा हिशेब आम्हांस पटत नाही.

भाव वाढल्यावर ज्याला खरोखर राहायचे आहे तो कोठे जातो? याचे उत्तर पाहण्यासाठी अक्कलकोट रस्त्याने कुंभारीस जावे. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांसाठी तेथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये ती त्यांच्या हाती आली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. त्याच गोदूताई, ज्यांना आपण वारल्यांच्या लढ्यामुळे ओळखतो. त्यापुढे रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प झाला आणि त्यांपैकी पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आली. सरकारी अनुदानात आपला हिस्सा घालून या स्त्रियांनी घर मिळविले आहे. पण कोठे? शहरापासून दूर, माळावर. शहराच्या हद्दीत जागा नव्हती असे नाही. ती बाभळींना दिलेली होती.

विरुद्ध बाजू आम्हांस ठाऊक नाही असे नव्हे. सोलापूरची जुनी मिल १८७७ची; ती १९६० च्या दशकात बंद पडली आणि पुढे लक्ष्मी-विष्णूचीही तीच गत झाली. ज्या गावात एवढ्या मोठ्या गिरण्यांचा भरवसा राहिला नाही, तेथील माणूस जमिनीवर विश्वास ठेवतो, यात नवल नाही. निवृत्त शिक्षकाने मुलीच्या लग्नासाठी एक भूखंड राखून ठेवला तर त्याला आम्ही सट्टेबाज म्हणणार नाही. पण आमचे पाहुणे त्या शिक्षकाच्या जागी नाहीत. त्यांच्याकडे इकडे घर आहे, तिकडे घर होणार आहे, आणि शिल्लक पैसा बँकेत ठेवला तर तो काही रडत नाही.

कायदा यात फारसा आड येत नाही. १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये गुंडाळला. त्या कायद्याने गरिबांना घरे किती मिळाली आणि कचेऱ्यांतील टेबलांखाली काय काय फिरले, हे सर्वांनी पाहिले आहे. त्याच्यासाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. मोकळ्या जागेवर महापालिकेला कर बसविता येतो. तो जर भूखंड राखणे महाग पडेल इतका असेल आणि नेमाने वसूल होईल, तर बाभळी आपोआप कमी होतील.

खरे बोलायचे तर आम्हांस बोचते ते निराळेच. १९८८ पासून वसईत हरित वसईचा लढा चालला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या शब्दाखातर आपली माणसे घरेदारे सोडून मोर्चांत चालली. त्या वेळी आपली तक्रार काय होती? कधी न पाहिलेली माणसे दुरून आपल्या वाड्यांचा भाव ठरवितात, ही! ज्यांना विहिरीचे पाणी खारट झाले की गोडे राहिले याचे सोयरसुतक नाही, त्यांच्या हाती जमीन जाते, ही! आता त्याच वाडीच्या पैशाने आपण सोलापूरच्या कोणा शेतकऱ्याच्या बांधावर दगड रोवणार आणि वर्षातून एकदा तो पाहून येणार. दोन अंगरखे असलेल्या माणसाने काय करावे, हे योहान बाप्तिस्ताने सांगून ठेवले आहे. दोन भूखंडवाल्यांनी ते निदान एकदा उघडून पाहावे.

आम्ही त्या दांपत्यास एवढे सांगितले: पहिला भूखंड खुशाल घ्या, पण सातबारा, बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन डोळ्यांखालून घाला, रेखांकन पाचशे चौरस मीटरांहून मोठे असेल तर महारेराची नोंदणी विचारा. घरावर एक मजला चढवा आणि खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांना खोल्या भाड्याने द्या. भाडेकरूची जात, धर्म आणि त्याच्या ताटात काय आहे, हे विचारू नका. बाई गप्प होत्या. गृहस्थ म्हणाले, "पण दुसऱ्याचा विसार देण्याची मुदत शनिवारपर्यंतच आहे." आम्ही त्यांना म्हटले, शनिवार जाऊ द्या, आणि त्याआधी सुनेला विचारा, पाणी भरण्यासाठी रात्री जागायचे आहे ते तिला.