फोटोच्या पाठीवर नाव आहे ना?

मैत्रिणींनो, एखादं मोठं काम मनात धरावं, त्याच्या तयारीसाठी म्हणून काहीतरी लहानसं करायला घ्यावं, आणि पुढे त्या लहानशा कामानंच आपलं नाव राखावं, असं कधी कधी होतं बरं का. स्कॉटलंडच्या डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराचं अगदी असंच झालं.

हिलचा जन्म १८०२ सालचा, पर्थ गावचा. डोंगर, नद्या, किल्ले यांची चित्रं तो काढी. एडिंबरोच्या रॉयल स्कॉटिश अकादमीचा तो सेक्रेटरीही होता. १८४१ मध्ये त्याची पत्नी वारली आणि पदरात लहानगी मुलगी राहिली.

१८ मे १८४३ रोजी एडिंबरोत मोठीच घटना घडली. गावचा पाद्री कोणी नेमायचा, जमीनदारानं की गावकऱ्यांनी, यावरून तिथल्या चर्चमध्ये फूट पडली. चारशेहून अधिक पाद्री हक्काचा पगार आणि राहती घरं सोडून बाहेर पडले. त्यांच्या बायकामुलांचंही बिऱ्हाड उचललं गेलंच की! हिलच्या मनानं घेतलं, या प्रसंगाचं भव्य चित्र काढायचं, तेही प्रत्येकाच्या खऱ्या चेहऱ्यासह.

पण शेकडो माणसांना समोर बसवून रेखाटायचं कधी? सर डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञानं सुचवलं, फोटो काढ. त्यानंच बावीस वर्षांच्या रॉबर्ट अ‍ॅडमसनशी हिलची गाठ घालून दिली. कॅमेरा आणि रसायनं अ‍ॅडमसननं सांभाळायची, माणसांना बसवायचं कसं ते हिलनं बघायचं, अशी वाटणी झाली. तेव्हा फोटोची निगेटिव्ह कागदावरच निघे आणि तिला भरपूर ऊन लागे. म्हणून खुर्च्या, टेबलं, पडदे सारं बाहेर अंगणात मांडायचं, आणि दिवाणखान्यात बसल्यासारखं दाखवायचं! हलायचं मात्र नाही हं.

चेहरे जमवता जमवता दोघांना या कामाची गोडीच लागली. जवळच न्यूहेवन हे मासेमारांचं गाव होतं. तिथले पुरुष समुद्रावर जात. बायका मासळीच्या जड टोपल्या पाठीवर घेऊन, पट्टा कपाळाला लावून, एडिंबरोच्या रस्त्यांवरून विकत हिंडत. पट्ट्यापट्ट्यांचे जाड घागरे नेसलेल्या या कष्टाळू बायकांचे फोटो त्यांनी अशा आदरानं काढले आहेत, की एखादी सरदारीणच बसली आहे असं वाटावं.

साडेचार वर्षांत सुमारे तीन हजार फोटो झाले. आणि जानेवारी १८४८ मध्ये अ‍ॅडमसन गेला, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. हिल पुन्हा कुंचल्याकडे वळला. १८६२ मध्ये त्यानं अमिलिया पेटन या शिल्पकार स्त्रीशी लग्न केलं. एडिंबरोतला लिव्हिंग्स्टनचा पुतळा तिच्याच हातचा. तिची साथ मिळाली, आणि रखडलेलं चित्र १८६६ मध्ये एकदाचं पुरं झालं. तेवीस वर्षं लागली! अकरा फुटांहून रुंद, साडेचारशेवर चेहरे. त्या गर्दीत कॅमेरा घेतलेला अ‍ॅडमसनही आहे. चार वर्षांनी, १८७० मध्ये, हिल वारला.

आज हिलचं नाव निघतं ते मात्र त्या चित्रासाठी नव्हे, तयारीचे म्हणून काढलेल्या त्या फोटोंसाठी. त्यांत खाली नजर वळवून उभी असलेली एक न्यूहेवनची कोळीण फार प्रसिद्ध आहे. एलिझाबेथ जॉनस्टोन हॉल तिचं नाव. ते टिकलं म्हणून आपण तिला नावानं ओळखतो. तिच्यासारख्या कितीतरीजणींचे चेहरे राहिले, नावं मात्र पुसली गेली.

म्हणून एक सुचवू? या आठवड्यात दुपारी तासभर काढा आणि घरातल्या जुन्या फोटोंच्या पाठीवर कडेला, मऊ पेन्सिलीनं, हात हलका ठेवून नाव, गाव आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. सासूबाई, आत्या, मावशी असतील तर त्यांना शेजारी बसवून घ्या. बायकांचं माहेरचं नावही लिहा, आधी तेच विसरलं जातं. फोनमधल्या फोटोंपैकी चार निवडक कागदावर छापून त्यांनाही नावं द्या. आणि हो, फोटो काढणारीचं नाव लिहायला विसरू नका. बहुतेक वेळा ती तुम्हीच असता!