निविदेत एक ओळ लिहा

प्रति,
मा. अध्यक्ष, नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. मुख्य अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग, नाशिक



३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचे ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिले अमृतस्नान. त्यासाठी रस्ते, पूल, घाट, वाहनतळ असे जे बांधकाम या शहरात निघते, ते बारा वर्षांतून एकदाच. मी सिव्हिलची पदवी घेतली आणि नोकरी न धरता पाडकामाच्या मलब्यापासून पेव्हर ब्लॉक आणि राखेपासून विटा बनवण्याचा धंदा टाकला. अनुदान मागायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगतो.

कच्चा माल नाशिकला शोधावा लागत नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची राख आहे. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात वाडे कोसळतात, पुनर्विकासात इमारती पाडल्या जातात आणि रात्रीच्या डंपरमधून तो मलबा नासर्डीच्या नाहीतर वाघाडीच्या काठावर पडतो. दुसरीकडे नवी खडी हवी म्हणून सारूळचे डोंगर क्रशरमध्ये चाललेच आहेत.

मलबा म्हणजे सरसकट एकच माल, असा समज असतो. तसे नाही. वाड्याच्या मलब्यात पांढरी माती आणि चुना येतो. ती माती ब्लॉकमध्ये गेली की ब्लॉक भुसभुशीत होतो. म्हणून वाड्याचा ढीग वेगळा, आरसीसीचा वेगळा. आरसीसी फोडायचे, चुंबकाने लोखंड काढायचे, चाळून खडी वेगळी करायची. या खडीला जुना मसाला चिकटलेला असल्याने ती नव्या खडीपेक्षा जास्त पाणी पिते. आधी भिजवली नाही तर मिक्समधले पाणी ओढून घेते आणि ताकद घसरते. हे सगळे कॉलेजात शिकवत नाहीत, पण शिकता येते. भारतीय मानक ३८३ ची २०१६ ची आवृत्ती अशा खडीला साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये एम-२५ पर्यंत २० टक्के, आणि कमी ताकदीच्या लीन काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के परवानगी देते. म्हणजे शास्त्राची अडचण नाही.

अडचण कागदाची आहे. एका कार्यालयात ब्लॉकचा नमुना टेबलावर ठेवला, तर साहेबांनी तो हातात घेण्याआधीच सांगितले, "डीएसआरला आयटम नाही." दुसरीकडे तीन वर्षांची उलाढाल आणि तशाच कामाचा अनुभव विचारला. नव्या उद्योगाकडे हे असते तर तो नवा कशाला म्हणवला असता? डीएसआर म्हणजे सरकारी दरसूची, आणि तिच्याबाहेरचा आयटम रेट अ‍ॅनालिसिस करून घेता येतो, हे मी तुम्हाला सांगावे असे नाही. पण त्यासाठी कोणीतरी सही करायची असते, आणि उद्या ऑडिटचा शेरा आला तर उत्तर त्यालाच द्यावे लागते. ती भीती मला समजते. म्हणूनच माझी मागणी साहेबांच्या धाडसावर अवलंबून नाही.

आम्हाला ठेका नको. कुंभाची कामे मोठ्या ठेकेदारांकडेच जाणार, जाऊ देत. फक्त निविदेत एक ओळ लिहा: पदपथ, वाहनतळ आणि रस्त्याखालच्या लीन काँक्रीटमध्ये पाडकामाच्या मलब्यापासूनचे साहित्य अमुक टक्के असलेच पाहिजे. ती ओळ असली की ठेकेदार आपण होऊन आमच्या दारात येतो. नसली तर तो कशाला येईल? खासगी बिल्डरला २०२० च्या एकीकृत नियमावलीने हरित मानांकनासाठी ३ ते ७ टक्के जादा एफएसआय देऊ केला. सरकारी निविदांत मात्र ना बक्षीस दिसते, ना सक्ती. बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे नियम २०१६ मध्ये आले, २०२५ मध्ये नवे आले. दिल्लीत बुराडीला २००९ पासून मलब्यावर प्रक्रिया होते. आपण अजून 'हरित कुंभा'चे फलक लावतो.

याच शहराने २०१५ च्या सिंहस्थात वेगळे वागून दाखवले होते. एमआयटीतले आपले नाशिककर प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' झाले आणि एका शाळकरी मुलाने सोबत्यांबरोबर बनवलेली, पावलांवरून गर्दी मोजणारी चटई प्रत्यक्ष कुंभात अंथरली गेली. प्रशासनाने एका पोरावर विश्वास टाकला. (ती चटई डीएसआरमध्ये होती का, कोणी विचारले नसावे.)

आणखी एक, थोडक्यात. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. ठेकेदाराचे बिल निघेपर्यंत आमचे अडकते आणि कामगाराची हजेरी दर आठवड्याला द्यावी लागते. निविदेच्या त्या ओळीखाली हेही लिहिता आले तर बरे.

शंका गुणवत्तेची असेल तर तिचे उत्तरही नाशकातच आहे. दिंडोरी रोडवर 'मेरी' ही अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ पासून उभी आहे, साहित्य तपासणे हे तिचे कामच. पुढच्या निविदा निघण्याआधी आमच्यासारख्या सगळ्या उत्पादकांचे ब्लॉक तुमच्या माणसांनी आमच्या ढिगातून स्वतः उचलावेत आणि तिथे फोडून पाहावेत. चाचणीची फी आम्ही भरू. नापास झाले तर आम्हाला यादीतून काढा. पास झाले तर ती ओळ लिहा.

आपला,
नाशिकचा एक सिव्हिल अभियंता