बूगाफरचे पाणी

२०२५ च्या फेब्रुवारीत मोरोक्कोचे राजे सहावे महंमद यांनी आपल्या प्रजेला एक विलक्षण आवाहन केले. त्या वर्षीच्या बकरी ईदला घरोघरी मेंढ्याची कुर्बानी देऊ नये, असे त्यांचे पत्र दूरचित्रवाणीवरून वाचून दाखवण्यात आले. सलग काही वर्षांच्या अवर्षणाने देशातली मेंढरे कमी झाली होती आणि किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या. जिथे गरिबातले गरीब कुटुंबही या एका दिवसासाठी पै-पैसा साठवते, तिथे राजाला असे सांगावे लागते, याचा अर्थ दुष्काळ शेताचा बांध ओलांडून माजघरापर्यंत आला आहे.

ही बातमी वाचली तेव्हा मला मोरोक्कोच्या आग्नेय भागातली सागरो ही उजाड डोंगररांग आठवली, आणि तिथे १९३३ साली झालेली बूगाफरची लढाई. एका बाजूला फ्रान्सचे आधुनिक सैन्य, दुसऱ्या बाजूला डोंगरातल्या बर्बर टोळ्या. लढाई आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. पण आजच्या मोरोक्कोतले काही प्रश्न समजून घ्यायचे तर तिच्याइतका चांगला धडा सापडणार नाही, असे मला वाटते.

प्रथम या लोकांविषयी. ‘बर्बर’ हे नाव त्यांना बाहेरच्यांनी दिले. ‘बार्बेरियन’ म्हणजे रानटी, या शब्दाशी त्याचे नाते आहे. ते स्वतःला ‘आमाझिग’ म्हणवतात. अरब येण्याच्या कितीतरी आधीपासून उत्तर आफ्रिकेत राहणारे हे लोक. फुटबॉलपटू झिनेदिन झिदान याचे आईवडील याच लोकांतले, अल्जीरियाच्या कबिली डोंगराळ भागातले. सागरोच्या परिसरातल्या टोळीसंघाचे नाव आइत अत्ता. हे मेंढपाळ. हिवाळ्यात सागरोच्या उतारांवर आणि उन्हाळ्यात ॲटलासच्या उंच कुरणांवर कळप घेऊन जाणारे.

त्यांची राज्यपद्धती मोठी गमतीची होती. संघाच्या पाच शाखा. दरवर्षी एक मुख्य अमघार, म्हणजे प्रमुख, निवडायचा. ज्या शाखेची पाळी असेल तिच्यातूनच तो निवडायचा. मात्र त्या शाखेला मत नाही, निवड करायची उरलेल्या चार शाखांनी. निवड झाली की त्याच्या पागोट्यात हिरवे गवत खोवायचे. वर्ष हिरवेगार जावो, एवढाच त्याचा अर्थ. सत्ता एका घरात मुरू नये याची इतकी साधी तजवीज भल्याभल्या राज्यघटनांना जमलेली नाही!

१९१२ च्या फेझच्या तहाने मोरोक्को फ्रान्सच्या ‘संरक्षणा’खाली गेला. सुलतानाने सही केली, पण डोंगरातल्या टोळ्यांनी ती आपल्यावर बंधनकारक मानली नाही. तेव्हापासून १९३४ पर्यंत, बावीस वर्षे, फ्रेंच फौजा एकेक खोरे जिंकत गेल्या. फ्रेंच कागदपत्रांत या युद्धाला ‘शांतता प्रस्थापना’ म्हटलेले आहे. १९१४ च्या नोव्हेंबरात खनीफ्राजवळ एल हेरी येथे झायान टोळ्यांनी एका फ्रेंच दलाचा असा धुव्वा उडवला की सहाशेहून अधिक सैनिक कामी आले. १९२६ मध्ये उत्तरेच्या रीफ पर्वतातला अब्द अल करीम शरण आला. १९३३ उजाडले तेव्हा जी थोडी ठिकाणे शिल्लक होती, त्यांत सागरो होता.

फेब्रुवारीच्या मध्यावर जनरल झिरो आणि जनरल कात्रू यांच्या फौजा दोन बाजूंनी चालून आल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात नाव गाजवलेले हेच ते दोघे. त्यांच्यापाशी तोफा होत्या, विमाने होती, फॉरिन लीजन होती; आणि मोठ्या संख्येने मोरोक्कन भाडोत्री शिपाईही होते, कारण वसाहतींच्या लढाया जिंकणाऱ्याच्या नावावर लागल्या तरी त्यांत रक्त सांडते ते बहुधा त्याच मातीतले. समोर बूगाफरच्या कातळी सुळक्यांवर अस्सू ऊबास्लाम याच्या नेतृत्वाखाली सुमारे हजारभर बंदूकधारी होते. आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बायका, मुले, म्हातारेकोतारे आणि मेंढरे. सारा संसारच गडावर चढला होता.

फ्रेंचांनी आधी सरळ हल्ले चढवले. ते महागात पडले. २८ फेब्रुवारीला कॅप्टन आंरी द बूर्नाझेल मारला गेला. रीफच्या युद्धात लाल अंगरखा घालून तो गोळीबारात बेधडक हिंडे, आणि त्याला गोळी लागत नाही अशी सैनिकांत आख्यायिका होती. फ्रान्समध्ये त्याच्यावर पुस्तके निघाली, तो वीरपुरुष झाला. त्याच कड्यावर त्याच दिवशी मेलेल्या मेंढपाळांची नावे मात्र त्यांच्या घरच्यांपलीकडे कुणाला ठाऊक झाली नाहीत.

यानंतर फ्रेंच सेनापतींनी डाव बदलला. डोंगर चढायचा नाही, डोंगराचे पाणी तोडायचे. वेढा आवळला गेला, पाणवठ्यांवर मशीनगना रोखल्या गेल्या, वरून विमाने आणि खालून तोफा आग ओकू लागल्या. गडाची ताकद तटबंदीहून टाक्यातल्या पाण्यावर मोजावी, हे सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. रात्रीच्या अंधारात बायका पखाली घेऊन झऱ्याकडे उतरत. काही परत येत, काही येत नसत. दिवसा त्याच बायका काडतुसे पोहोचवत आणि कड्यावरून धोंडे लोटत. मेंढरे तहानेने मेली, मग मुले मरू लागली. सुमारे सहा आठवड्यांनी, मार्चच्या अखेरीस, अस्सू ऊबास्लाम बोलणी करायला खाली उतरला.

आता या कहाणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग येतो. शरणागती बिनशर्त नव्हती. आइत अत्तांनी अटी घातल्या आणि फ्रेंचांनी त्या मान्य केल्या. एक, मराकेशचा बडा सरदार थामी ग्लावी याची हुकमत आमच्यावर चालणार नाही. दोन, आमचे तंटे आमच्या रूढींप्रमाणे आम्हीच सोडवू. तीन, सरकारी समारंभांत आमच्या स्त्रियांना नाचगाण्यासाठी उभे केले जाणार नाही. तहानेने व्याकूळ झालेले लोक, आणि मागत काय होते? आपल्या माणसांची सत्ता, आपला कायदा आणि बायकांची अब्रू. अस्सूला पुढे फ्रेंच अमलातच प्रमुख म्हणून मान्यता मिळाली. १९६० साली तो वारला.

बँकेच्या नोकरीने मला एक सवय लावली. करारपत्र हाती आले की त्यात काय लिहिले आहे याआधी काय लिहिलेले नाही ते पाहायचे. दुष्काळी तालुक्यातल्या शाखेत शेतकऱ्याच्या कर्जाचा अर्ज आला की आम्ही सातबाऱ्यावर आधी विहीर शोधत असू. विहिरीत हिस्सा किती, चार आणे की आठ आणे, पाळी किती दिवसांनी येते, यावर जमिनीचे मोल ठरे. पाणी नसलेल्या दहा एकरांना तारण म्हणून फारशी किंमत नसे. त्या सवयीने बूगाफरच्या अटी वाचल्या की लक्षात येते, त्यांत कुरणे नाहीत, झरे नाहीत, जमिनीच्या पोटातले धन नाही. आइत अत्तांना तो प्रश्न पडलाच नसणार. कुरण आणि झरा आपलाच, त्यात मागायचे काय?

पण रबातच्या कचेरीत त्याचा निकाल आधीच लागला होता. १९१४ च्या फर्मानाने पाणी सार्वजनिक, म्हणजे सरकारी मालमत्ता झाले होते. २७ एप्रिल १९१९ च्या फर्मानाने टोळ्यांच्या सामायिक जमिनी, आपण ज्यांना गायराने म्हणू अशा जमिनी, सरकारच्या पालकत्वाखाली गेल्या होत्या. टोळी जणू अज्ञान मूल आणि सरकार तिचा पालक! डोंगरावर तोफा धडाडण्याच्या चौदा वर्षे आधी, एकही गोळी न झाडता, हे झाले होते.

पुढचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला. त्याच वर्षी ग्लावी मेला. पहिली अट निरर्थक झाली. रूढींची न्यायालये रद्द झाली. दुसरी अट संपली. त्यालाही कारण होते. १९३० साली फ्रेंचांनी ‘बर्बर फर्मान’ काढून बर्बरांना वेगळी न्यायालये दिली, तेव्हा हा देश फोडण्याचा डाव आहे म्हणून शहराशहरांतल्या मशिदींतून निषेध उमटला होता आणि त्यातूनच राष्ट्रीय चळवळ उभी राहिली होती. म्हणजे आइत अत्तांनी जे रक्त सांडून मागितले, ते फ्रेंचांना आपल्या सोयीसाठी द्यायचेच होते. परिणाम असा की स्वतंत्र मोरोक्कोत आमाझिग भाषेचा, रूढीचा नुसता उल्लेखही फुटीरपणाचा मानला जाऊ लागला. फ्रेंचांशी शेवटपर्यंत लढलेल्यांच्या नातवंडांवर फ्रेंचधार्जिणेपणाचा संशय यावा, हा इतिहासाचा क्रूर विनोद आहे.

तो संशय फिटायला अर्धशतक लागले. २००१ मध्ये आमाझिग संस्कृतीसाठी शाही संस्था स्थापन झाली. २०११ च्या राज्यघटनेने अरबीबरोबर आमाझिगलाही राजभाषेचा दर्जा दिला. २०२३ मध्ये आमाझिग नववर्षाची राष्ट्रीय सुट्टी जाहीर झाली आणि १४ जानेवारी २०२४ ला ती प्रथम पाळली गेली. हे सारे स्वागतार्हच आहे. शाळेच्या पाटीवर आपली लिपी दिसणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु १९१९ चे ते फर्मान? ते २०१९ पर्यंत टिकले. स्वातंत्र्य आले, राजे बदलले, राज्यघटना बदलल्या. टोळ्यांच्या जमिनीवरचे सरकारी पालकत्व मात्र शंभर वर्षे चालू राहिले.

त्याचा अर्थ काय, ते सागरोच्याच उत्तर उतारावर इमिदेर गावी दिसले. तिथे आफ्रिकेतल्या मोठ्या चांदीच्या खाणींपैकी एक आहे आणि तिच्या मालक कंपनीत राजघराण्याच्या गुंतवणूक संस्थेचा मोठा वाटा आहे. खाणीसाठी १९८६ मध्ये विहिरी खोदल्या गेल्या. गावची शेती चाले ‘खेत्तारा’ नावाच्या भुयारी पाटांवर. औरंगाबादला मलिक अंबरने बांधलेल्या नहरींच्या जातीचेच हे काम. पाट आटत गेले. १९९६ मध्ये लोकांनी धरणे धरले, ते मोडून काढण्यात आले. २०११ च्या ऑगस्टमध्ये गावकरी अलेब्बान टेकडीवर चढले आणि त्यांनी खाणीकडे जाणाऱ्या जलवाहिनीची झडप बंद केली. हे लोक आइत अत्तांपैकीच. १९३३ मध्ये त्यांच्या आजोबांचे पाणी तोडून त्यांना खाली उतरवले होते. नातवंडांनी पाणी रोखले आणि ती वर जाऊन बसली. दगडमातीच्या झोपड्यांची ती छावणी २०१९ च्या सप्टेंबरपर्यंत, आठ वर्षे टिकली.

खाणीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. कंपनीने आरोप नाकारले. देशाला परकीय चलन हवे, तरुणांना नोकऱ्या हव्यात. शिवाय चांदी केवळ पैंजणांत आणि पूजेच्या ताटात जात नाही. सौरऊर्जेच्या पत्र्यांनाही ती लागते, आणि ते पत्रे आता आपल्याही गच्च्यांवर चढू लागले आहेत. स्वच्छ वीज सर्वांनाच हवी आहे. प्रश्न एवढाच, की तिच्यासाठी ज्याच्या झऱ्याचे पाणी जाते, त्याला करारात स्थान आहे का?

२०१९ च्या नव्या कायद्याने थोडी वाट मोकळी केली आहे. सामायिक जमिनीत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने हक्क मिळाला, आणि तोही सुखासुखी नाही. २००७ पासून मोरोक्कोतल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी त्यासाठी चळवळ चालवली होती. गृहखात्याचे पालकत्व मात्र अजून उठलेले नाही. बूगाफरच्या तहात स्त्रिया होत्या, पण त्यांना कुणी नाचवू नये एवढ्यापुरत्या. रात्री झऱ्यावर कोण उतरत होते, याची त्या अटींत दखल नव्हती. आज त्यांच्या नातींच्या नावाने जमिनीत हिस्सा लागू लागला आहे. तो हिस्सा पाण्यासकट आहे की पाण्याविना, हे आता त्यांनी विचारायचे आहे आणि सरकारने त्याचे उत्तर लेखी द्यायचे आहे.