टनेज मोठे की उतारा मोठा?



गळीत हंगामात काट्यावर उभे राहिले की एकच प्रश्न कानी येतो, "किती टन भरला?" उसात साखर किती, हे कोणी विचारीत नाही. विचारायचे तरी कशाला? दर सगळ्यांना सारखाच.

ह्या बाबतीत इंग्लंडमधल्या सातूची, म्हणजे बार्लीची, हकिकत ध्यानात घेण्याजोगी आहे. सातूला मोड आणून, वाळवून-भाजून माल्ट करतात. त्याची बिअर होते. तिकडचा हिवाळी सातू आपल्या अडसालीसारखा. रानात जास्त दिवस राहतो, जास्त पिकतो. पण माल्टसाठी नाव वसंतात पेरलेल्या सातूचे. 1965 साली केंब्रिजहून 'मॅरिस ऑटर' हा हिवाळी वाण आला आणि माल्टलाही उत्तम ठरला. पुढे त्याहून जादा पिकणारे वाण निघाले. 1989 साली तो शिफारशीच्या यादीतूनही गेला. तरी आजही शेतकरी तो पेरतात. कारण बिअरवाले त्याला जादा दर मोजतात आणि एकरी घट दरात भरून निघते.

तिथे माल घेताना नमुना तपासतात. दाण्यात नत्र बेताचे हवे, मोड एकसारखा यायला हवा. नापास झालेला माल जनावरांच्या खाद्याला जातो, कमी भावाने. त्यामुळे खताची गोणी ओतताना तिथला शेतकरी दहादा विचार करतो.

आता आपल्याकडे बघा. को 86032 हा साखरेला चांगला. 2007 साली आलेला फुले 265 वजनाला भारी, चोपण रानातही तग धरणारा. पण पक्व व्हायला वेळ घेतो, लवकर तुटला की उतारा मारतो. त्यात उशिरापर्यंत युरिया टाकला, तर ऊस दिसतो हिरवागार, रस मात्र पाणचट.

साधा हिशेब मांडू. एकाचा 50 टन ऊस 12 टक्के उताऱ्याचा, दुसऱ्याचा 57 टन साडेदहाचा. साखर दोघांची जवळजवळ सारखीच, 6 टन. पैसे मात्र दुसऱ्याला 7 टनांचे जादा! त्या 7 टनांची तोडणी, वाहतूक, गाळप हा खर्च सगळ्या सभासदांच्या माथी. 2025-26 च्या एफआरपीत सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये, आणि वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 34 रुपये 60 पैसे धरले आहेत. पण हा उतारा अख्ख्या कारखान्याचा. चांगला ऊस घालणाऱ्याचे कष्ट सरासरीत बुडून जातात.

कोणी म्हणेल, चोपण रानवाल्याने काय करायचे? आणि तोडीची तारीख तरी आमच्या हातात कुठे आहे? दोन्ही गोष्टी खऱ्या. म्हणून कोणाचे कापू नये, चांगल्याला जादा द्यावे. तोड लागणीच्या तारखेवर न ठेवता ब्रिक्स पाहून द्यावी. प्रत्येक गटात थोड्या प्लॉटांचे नमुने घेऊन सुरुवात करावी आणि वाढलेल्या उताऱ्यातला वाटा त्या सभासदांना वेगळा मिळावा. ऑस्ट्रेलियात प्रत्येक शेतकऱ्याच्या उसातली साखर मोजून पैसे देतात. तेव्हा हे अशक्य नाही.

येत्या वार्षिक सभेत हा विषय आपणच काढला पाहिजे. शेवटी कारखाना विकतो ती साखर, उसाचे पाणी नव्हे!

— एक ऊस उत्पादक सभासद