आखणीचा आनंद आणि बातमीचा भरवसा

पेण तालुक्यात बातमीदारी करणाऱ्याच्या वाट्याला दरवर्षी एक आवडीचे काम हमखास येते. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत इथले गणपतीचे कारखाने जोरात असतात. पार दारापर्यंत मूर्ती मांडलेल्या, आत एखादा कारागीर श्वास रोखून डोळ्यांची आखणी करत बसलेला. तिथे बातमी जणू स्वतःच लिहून होते: बाप्पा निघाले परदेशी!

ती खोटी नसते. इथल्या मूर्ती परदेशी जातातच. पण प्लास्टर ऑफ पॅरिसचा विषय काढला, कर्जाचे हप्ते किंवा हंगाम संपल्यावर रंगकामावरच्या बायकांना काय काम उरते हे विचारले, की गप्पांचा रंग उतरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवायला आणि विकायला वाट मोकळी केली. नैसर्गिक जलाशयातल्या विसर्जनाचा अडसर मात्र कायम ठेवला. मधली वर्षे या गावांनी टांगत्या तलवारीखाली काढली. त्यांच्याविषयी आपुलकी असणाऱ्यानेच खाडीच्या पाण्याचाही प्रश्न विचारायला हवा.

कामात मन रमले की पत्रकाराचा तोल जातो, असे म्हणतात. मला ते पटत नाही. गोपाळ गणेश आगरकर पाहा. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे छत्रपतींचा छळ करतात, असे आरोप ‘केसरी’ने केले, आधाराला धरलेली पत्रे बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. दोघेही जेमतेम सव्वीस वर्षांचे. राजाविषयीची त्यांची कळकळ खरी होती, कागद खोटे होते. बाहेर आल्यावर आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले, तेही खुसखुशीत. अब्रूनुकसानीची शिक्षा भोगून आलेल्या संपादकाचा लेखनातला रस आटला नव्हता, आणि म्हणून त्यांच्यावरचा वाचकांचा विश्वास उडाला असेही झाले नाही. कोल्हापूर प्रकरणात उणी पडली ती पडताळणी. लिहिण्याची हौस दोषी नव्हती.

पत्र कुणी लिहिले, कुणाच्या हातून आले, याचा माग काढण्यातही गोडी असते. वाक्य जमल्यावर जो आनंद होतो तोच आकडा जुळल्यावर ज्याला होतो, त्याच्या बातमीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन.

यंदाच्या अंकात जोहे परिसरावर दीर्घ लेख आहे. आखणीचे वर्णन आमच्या लेखकाने जीव ओतून केले आहे. प्लास्टरचा, मजुरीचा आणि विसर्जनानंतरच्या गाळाचा हिशेबही मांडला आहे. त्यातले आकडे ज्यांचे त्यांना वाचून दाखवले, दुरुस्त्या घेतल्या. कारखानदारांच्या शुभेच्छा-जाहिराती याच अंकात आहेत आणि त्यांच्याविना तो निघाला नसता. तरी छपाईपूर्वी लेख त्यांच्यापैकी कुणालाही दाखवलेला नाही. तो ते आज, तुमच्याबरोबरच वाचतील.