वीस रुपयांची ताकद

परीक्षा जवळ आल्या की आपल्या विहारातील अभ्यासिकेचा दिवा रात्री दोनपर्यंत जळतो. परवा सकाळी झाडलोट करताना केराच्या टोपलीत एनर्जी ड्रिंकच्या नऊ रिकाम्या बाटल्या निघाल्या. दहावीतल्या एका मुलाला विचारले, तर म्हणाला, "मावशी, याने झोप येत नाही, अंगात ताकद येते." त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. डब्यासोबत दिलेल्या वीस रुपयांची ती बाटली होती.

ही ताकद येते कुठून? दिवसभर जागे राहिल्यावर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि तेच आपल्याला 'आता नीज' असे सांगते. बाटलीतले कॅफीन त्याची जागा अडवून बसते. थकवा जात नाही, त्याचा निरोप तेवढा पोचत नाही. २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ७५ मिलिग्रॅम कॅफीन असते, म्हणजे दोनेक कप चहाइतके. आपली मुले घरी चहा पितातच, त्यावर हे आणखी! निम्मे कॅफीन अंगातून जायलाच पाच-सहा तास लागतात. छाती धडधडते, हात थरथरतात, आणि पेपरच्या दिवशी पोर वर्गात पेंगते. वाचलेले डोक्यात पक्के व्हायलाही झोपच लागते, हे मुलांना कोणी सांगत नाही.

राहिली साखर. रेड बुलच्या एका डब्यात साधारण २७ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. 'ब' जीवनसत्त्वांचा तर फारच गाजावाजा! ती अंड्यात, मासळीत, डाळीत, शेंगदाण्यातही असतात. वीस रुपयांत दोन अंडी येतात.

गंमत अशी की या पेयाचे मूळ कष्टकऱ्यांतच आहे. थायलंडमध्ये १९७०च्या दशकात 'क्रातिंग डाएंग' नावाचे पेय निघाले. ट्रकचालक, मजूर ते पिऊन रात्रपाळी काढत. ऑस्ट्रियाच्या दित्रिख मातेशिट्झ यांनी ते हेरले आणि १९८७ मध्ये तेच रेड बुल म्हणून युरोपात श्रीमंती थाटात आणले. शंभराच्या पुढचा तो डबा आपल्या वस्तीत फारसा फिरकला नाही. स्टिंगसारख्या वीस रुपयांच्या बाटल्या आल्या आणि टपरीटपरीवर लटकल्या.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा बाटलीवर लहान मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी हे पेय योग्य नाही, असे छापावेच लागते. जुलै २०२४ मध्ये तत्कालीन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत शाळेपासून ५०० मीटरच्या आत यांची विक्री बंद करण्याची घोषणा केली. आमच्या भागात शाळेच्या फाटकापासून टपरी वीस पावलांवर आहे.

नावाला भुलण्याचा आणखी एक प्रकार तान्ह्या बाळांच्या आयांनी ध्यानात ठेवावा. फळांच्या चवीच्या गोड पेयांवर 'ओआरएस' हे अक्षर छापून ती औषधाच्या दुकानात विकली जात. जुलाब होणाऱ्या बाळाला जादा साखर पाजली तर जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने पेयांवर हे नाव लावण्यास मनाई केली. खरे ओआरएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळवायची पुडी. ती आशाताईंकडे फुकट मिळते.

त्या मुलाच्या घरी मी एक रिकामी बाटली घेऊन गेले आणि मागची बारीक अक्षरे त्यालाच वाचायला लावली. अक्षरे इंग्रजी. पोराने अडखळत वाचली, मराठीत अर्थही सांगितला. आई भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "ताई, मुलांना चालत नाही असं लिहिलंय, मग तो टपरीवाला देतो कोणाला?"