ठपक्याआधी मतदारयादी पाहा

चाकण परिसरातल्या तरुणांना गावकारभाराचे सोयरसुतक नाही, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा ठपका अन्यायकारक आहे.

महाळुंगे, निघोजे, कुरुळीत खोल्या करून राहणारे मराठवाडा-विदर्भातले कामगार पाणीटंचाई इथली सोसतात, कचऱ्याचे ढीग इथले ओलांडतात. नाव मात्र गावाकडच्या यादीत. ग्रामसभेत बसण्याचा हक्क तर त्या गावच्या मतदारालाच! पत्ता बदलायला नमुना ८ भरावा लागतो, पण पुराव्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार करून देणारे खोलीमालक किती?

नव्या मतदारांच्या नोंदणीसाठी २०२२पासून वर्षात चार अर्हता दिनांक, म्हणजे अठरा पूर्ण झाल्याचे मोजण्याच्या तारखा, आहेत आणि सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. हे आयटीआयच्या वर्गांत कोणी सांगितले?

पहिली पाळी सुटते तेव्हा कंपन्यांच्या गेटवर नोंदणीचे टेबल लागावे. ग्रामसभेची नोटीस खोल्यांच्या चाळींतही चिकटवावी.

– एक वाचक, चाकण